काचेनं हात कापला: पहिल्या दाबापासून टाके निघेपर्यंत

ग्लास आतून घासताना हातातच फुटतो, सुरी निसटते, पत्र्याची कड लागते. घडायला दोन सेकंद पुरतात. पुढच्या अर्ध्या तासात माणसं जे करतात त्यातलं बरंचसं बरोबरच असतं, घोटाळा होतो तो क्रमाचा. आधी नळाखाली हात, मग जखम बघणं, मग कापूस शोधणं, मग पुन्हा बघणं, आणि या गडबडीत नीट दाबून धरायचं राहूनच जातं. अंगठीची आठवण बोट सुजल्यावर होते. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, हे डॉक्टरांनी विचारल्यावर घरी फोन लागतात.

या सगळ्या चुका मी एकाच संध्याकाळी करून बसलो आहे. मूठ ग्लासात, ग्लास फुटला, अंगठ्याच्या बुडाशी दीड इंचाची चीर, पाच टाके. म्हणून हा लेख हाताच्या खोल कापण्यापुरता ठेवला आहे. चावा आणि डोक्याचा मार यांचे नियम वेगळे आहेत, ते वाटेत येतील तेव्हा सांगतो.

तयारी: हात धड असतानाच करायची

मलमपट्टीच्या डब्यात फार काही लागत नाही. निर्जंतुक गॉजची आठ-दहा पाकिटं, दोन रुंद बँडेज रोल, चिकटपट्टी, कात्री, चिमटा, हातमोज्यांचे एक-दोन जोड. सुटा कापूस उघड्या जखमेवर ठेवायचा नाही, त्याचे तंतू रक्तात चिकटतात आणि नंतर एकेक करून काढावे लागतात.

डबा निवडताना एक गोष्ट तपासा: तो एका हातानं उघडतो का? माझा फिरकीच्या झाकणाचा होता. एका हातातून रक्त गळत असताना फिरकीचं झाकण उघडत नाही, हे मला डबा गुडघ्यांत धरून झटापट केल्यावर कळलं. गॉजची पाकिटंही दातांनीच फाडावी लागली.

एका कागदावर चार ओळी लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा: घरातल्या प्रत्येकाची धनुर्वाताच्या शेवटच्या इंजेक्शनची तारीख, कुठल्या औषधाची ॲलर्जी, रोजची औषधं, आणि रात्रीसुद्धा टाके घालतात अशा जवळच्या दवाखान्याचा फोन. त्याच कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. मोबाईल बोटाच्या ठशावर उघडत असेल तर आकड्यांचं कुलूपही पाठ असू द्या, कारण रक्तानं माखलेला अंगठा फोन ओळखत नाही.

टप्पा १: दाबा, आणि घड्याळ लावा

पहिलं काम धुणं नाही, बघणंही नाही. हाताशी येईल ते स्वच्छ कापड, रुमाल किंवा गॉज घडी करून थेट जखमेवर ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं घट्ट दाबा. खाली बसा. कापलेला हात छातीच्या वर धरा, कोपर टेबलावर टेकवलं तर हात दमत नाही. आता घड्याळात बघा आणि सलग १० मिनिटं दाब सोडू नका.

दहा मिनिटं ऐकायला थोडी वाटतात, दाबून बसल्यावर संपत नाहीत. दर मिनिटाला कापड उचलून ‘थांबलं का’ बघायचा मोह होतो. रक्ताची गुठळी धरायला वेळ लागतो, आणि कापड उचललं की अर्धवट धरलेली गुठळी त्याच्यासोबत निघून येते. म्हणजे मोजणी पुन्हा शून्यापासून. मी पाच वेळा उचललं आणि मग ‘रक्त थांबतच नाही’ म्हणून घाबरलो. थांबणार कसं?

कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवा आणि जास्त जोरानं दाबा. खालचं काढू नका.

चक्कर येतेय असं वाटलं, कान बंद झाल्यासारखे झाले, घाम सुटला, की खुर्चीतून उठायचं नाही. जमिनीवर आडवं व्हा, पाय उंच करा, दाब चालू ठेवा. रक्त बघून उभ्याउभ्या पडलेल्या माणसाचं दुखणं हातापुरतं राहत नाही. पडताना डोकं आपटलं आणि नंतर पुन्हा पुन्हा उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, झोपाळूपणा किंवा गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं, झटका आला, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव आला, तर हाताची काळजी दुय्यम, डोक्यासाठी ताबडतोब निघा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोक्याला लागल्यावर यातलं एकही लक्षण दिसायची वाट बघू नका.

सावधान: काच किंवा पातं आत रुतलेलं दिसत असेल तर ओढून काढू नका. भोक बुजवून धरणारी तीच वस्तू असू शकते. तिच्यावर न दाबता दोन्ही बाजूंनी दाब द्या, भोवती कापडाच्या गुंडाळ्या ठेवून ती हलणार नाही अशी बांधा आणि थेट निघा. धुण्याचा टप्पा ३ तुमच्यासाठी नाही.

सावधान: मनगटाला किंवा बोटाच्या बुडाशी दोरी, रबर आवळायचं नाही. पातळ दोरीनं बऱ्याचदा रक्त आत येणं चालू राहतं आणि परत जाणं तेवढं अडतं, त्यामुळे उलट जास्त वाहतं, शिवाय बोटाचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. हातापायातून जिवावर बेतेल इतकं रक्त जात असेल आणि जोरदार दाबानंही थांबत नसेल, तेव्हाच रुंद पट्टा जखमेच्या वर आवळायचा, आवळल्याची वेळ लिहून ठेवायची आणि तो आपल्या मनानं सोडायचा नाही.

रक्त ठोक्यासरशी उसळतंय, एकावर एक कापडं भिजताहेत, माणूस पांढराफटक पडून गार घामानं भिजलाय, तर पुढचे टप्पे वाचत बसू नका. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत दाबत राहा.

टप्पा २: अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा

हे काम दाबण्याच्या दहा मिनिटांतच, दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. एकटे असाल तर दाब सुटला तरी चालेल इतपत रक्त थांबल्यावर लगेच. जखम तळव्याला असली तरी त्या हातातलं सगळं काढायचं, कारण सूज हातभर पसरते. अर्ध्या तासापूर्वी सहज फिरणारी अंगठी सांध्यावर अडकून बसते.

अडली तर साबणाचं पाणी लावून, फिरवत फिरवत काढा. सरळ ओढली की पुढची कातडी गोळा होते आणि अंगठी आणखी घट्ट बसते. हात उंच धरून पाच मिनिटांनी पुन्हा करून बघा. तरीही निघाली नाही तर दवाखान्यात पोचल्या पोचल्या सांगा, त्यांच्याकडे अंगठी कापायची छोटी चकतीची कातर असते. माझी तशीच कापली. सिस्टरनं अंगठी आणि बोट यांच्यात पत्र्याची पातळ जीभ सरकवली, वरून चकती फिरवली, मिनिटाभरात ‘टक्’ झालं. टाक्यांपेक्षा तोच आवाज लक्षात राहिला आहे.

टप्पा ३: आता धुवा

दहा मिनिटांनी कापड अलगद उचला. रक्त थांबलंय किंवा नुसतं पाझरतंय, तर धुवायची वेळ झाली. पिण्याजोगं नळाचं पाणी चालतं, सलाईनच हवं असं नाही. जखमेवरून पाणी पाच-दहा मिनिटं वाहू द्या. चुरचुरेल. पाण्याच्या धारेनं माती, कण, काचेचा चुरा निघून जाणं हा यातला खरा फायदा आहे, वरून ओतायच्या औषधाचा नाही. आजूबाजूच्या कातडीला साबण लावा, जखमेच्या आत नको. वर सुटा दिसणारा कण धुतलेल्या चिमट्यानं उचलता येईल, पण आत खोदायला जाऊ नका.

धुताना पुन्हा भळाभळा वाहू लागलं तर धुणं सोडा, दाबा, निघा. पुढचं धुणं ते करतील.

स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, आयोडिनचं दाट द्रावण उघड्या जखमेत ओतू नका. जंतूंबरोबर तिथल्या जिवंत पेशीही मरतात आणि भरून येणं लांबतं. पूड, राख, पेस्ट यांतलं काही भरू नका. घरगुती उपायांवरून वाद घालायची माझी इच्छा नाही, पण एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. जे काही तुम्ही जखमेत भराल, ते टाके घालण्याआधी कुणीतरी घासून बाहेर काढणार आहे. तेही खोलवरून.

चावा असेल तर: कुत्रा, मांजर, माकड, वटवाघूळ, कुठल्याही सस्तन प्राण्याचा चावा किंवा ओरखडा साबण आणि वाहत्या पाण्यानं पूर्ण १५ मिनिटं धुवा आणि जखम कितीही लहान असली तरी त्याच दिवशी दवाखान्यात जा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर वाचवणारा उपचार जवळपास नाहीच, त्याआधी दिलेली लस मात्र वाचवते.

टप्पा ४: घरी पट्टी की दवाखाना?

चूक इथे दोन्ही बाजूंनी होते. काही जण ओरखड्यासाठी तीन तास ताटकळतात, आणि काही जण तुटलेल्या कंडरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर, चिकटपट्टी लावून आठवडाभर हिंडतात. दुसऱ्या चुकीला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. आपण ‘नस कापली’ म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या वस्तूंपैकी नेमकी कुठली, ते आपल्यालाच ठाऊक नसतं. रक्तवाहिनी कापली तर रक्त दिसतं, म्हणून सगळे घाबरतात. चेतातंतू कापला तर बधिरपणा येतो आणि कंडरा कापली तर हालचाल जाते. ही दोन्ही बिनरक्ताची नुकसानं आहेत, त्यामुळे रक्त थांबलं की त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

म्हणून रक्त थांबल्यावर, पट्टी बांधण्याआधी, दोन मिनिटांत एवढं तपासा. कुठेही जोर लावायचा नाही, आणि पुन्हा रक्त आलं तर थांबायचं.

संवेदना. डोळे मिटा. दुसऱ्या कुणाला कागदाचा कोपरा बोटाच्या टोकाला हलकेच लावायला सांगा, आधी एका कडेला, मग दुसऱ्या कडेला. प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांनी वेगवेगळे चेतातंतू जातात, त्यामुळे एक बाजू ठीक आणि दुसरी बधिर असं होऊ शकतं. चांगल्या हाताच्या त्याच बोटाशी ताडून बघा. ‘जरा कापसातून लागल्यासारखं वाटतंय’ हेसुद्धा उत्तर धरायचं.

वाकणं. अंगठा सोडून प्रत्येक बोटाला वाकवणाऱ्या दोन कंडरा असतात. एक तुटली तरी दुसरी बोट बऱ्यापैकी वाकवते, आणि घरात ‘हलतंय ना, मग झालं’ असं म्हटलं जातं. म्हणून दोन्ही वेगळ्या तपासायच्या. बोटाचं मधलं पेर सरळ धरून फक्त टोक वाकवून बघा. मग बाकीची तीन बोटं सरळ दाबून धरा आणि हे एकच बोट मधल्या सांध्यातून वाकवा. अंगठ्याचं फक्त टोक वाकवून बघायचं.

उचलणं. तळवा टेबलावर पालथा ठेवा आणि एकेक बोट वर उचला. हाताच्या मागच्या बाजूला जखम असेल तर ही तपासणी चुकवू नका, तिथे कंडरा कातडीच्या अगदी खाली असतात.

यातलं काही जमत नसेल, जमतंय पण एखाद्याच हालचालीला खोलवर कळ येत असेल, किंवा बोट बाकीच्या बोटांच्या रांगेत न राहता वेगळंच पडलं असेल, तर आजच दाखवा. अर्धवट कापलेली कंडरा काही दिवसांनी एखाद्या साध्या धक्क्यानं पूर्ण तुटते, आणि तुटलेलं टोक आत सरकत गेलं की जोडणं अवघड होत जातं.

याशिवाय पुढची कारणं असली तरी निघायचं:
- नीट १० मिनिटं दाबूनही रक्त वाहतंय.
- जखमेच्या कडा आपोआप मिटत नाहीत, किंवा आत पिवळसर दाणेदार चरबी दिसते.
- जखम सांध्यावर आहे.
- काच आत राहिल्याची शंका आहे.
- कुणाच्या तरी दातांमुळे झालेली जखम आहे, विशेषतः मूठ मारताना बोटाच्या सांध्यावर झालेली. ती दिसते टिचभर आणि सांध्यात पू करते.
- मधुमेह आहे, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत, किंवा रक्त पातळ करणारी.
- घाणेरड्या वस्तूनं झालेलं खोल, अरुंद भोक आहे.

भोकावरून एक अपवाद. रंगाच्या फवारणी यंत्रातून किंवा ग्रीस गनमधून जोराच्या दाबानं बोटात काही घुसलं असेल तर बाहेर टाचणीएवढं छिद्र दिसतं आणि सुरुवातीला फारसं दुखतही नाही. आत मात्र ते द्रव्य बोटभर पसरलेलं असतं. हे तातडीच्या शस्त्रक्रियेचं प्रकरण आहे, सकाळपर्यंत थांबू नका आणि तिथे ‘दाबानं घुसलं’ हे शब्द आवर्जून सांगा.

वरचं काहीच नसेल, चीर उथळ असेल, कडा जुळत असतील, तर घरी स्वच्छ पट्टी पुरते. धनुर्वाताची तारीख तेवढी बघा.

‘रात्र झाली, सकाळी जाऊ’ हा नेहमीचा प्रश्न. टाके घालायला सर्वसाधारणपणे पहिले सहा ते बारा तास चांगले मानतात, चेहऱ्याच्या जखमेला २४ तासांपर्यंतही घालतात, कारण तिथला रक्तपुरवठा भरपूर आहे. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत, पण वेळ जाईल तशी जंतू आत बंद होण्याची भीती वाढते आणि डॉक्टर जखम उघडी ठेवून भरू देण्याकडे झुकतात. उशीर झाला म्हणून जायचंच नाही, असं मात्र करू नका. टाक्यांशिवायही धुणं, तपासणं आणि इंजेक्शन बाकी असतं.

टप्पा ५: निघण्याआधीची पाच मिनिटं

धुतलेल्या जखमेवर गॉज ठेवा आणि बँडेज असं बांधा की दाब राहील पण बोटांची टोकं उघडी दिसतील. नखावर दाबून सोडा: पांढरं झालेलं नख दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. तसं झालं नाही, बोटं निळसर पडली किंवा मुंग्या आल्या, तर बँडेज सैल करा.

बोटाचा तुकडा तुटला असेल तर तो पाण्यानं हलकेच धुवून ओलसर गॉजमध्ये गुंडाळा, पिशवीत घालून तोंड बंद करा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बर्फाला थेट लावायचा नाही, पाण्यात बुडवूनही ठेवायचा नाही. तुकडा कामाचा आहे की नाही ते तिथले डॉक्टर ठरवतील.

काही खाऊ नका. कंडरा जोडायची वेळ आली आणि पूर्ण भूल लागली तर घन अन्नानंतर साधारण सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास थांबावं लागतं. ‘जाण्याआधी चार घास खाऊन घे’ हा मायेचा सल्ला इथे शस्त्रक्रिया लांबवतो.

दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल, एरवी चालत असेल तर, आणि एखाद्या घोट पाण्याबरोबर. ॲस्पिरिन नको, त्यानं रक्त जास्त वाहतं. डॉक्टरांनी हृदयासाठी रोज दिलेलं ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका, घेतो एवढं सांगा.

गाडी स्वतः चालवू नका. एका हातानं चालवता येते हे खरं आहे, पण चक्कर सिग्नलवर येणार की वळणावर, हे सांगता येत नाही.

निघताना तपासा: झाकणावरचा कागद किंवा त्याचा फोटो, ओळखपत्र, विम्याचं कार्ड असेल तर ते, चार्जर, आणि सोबत एक माणूस. काच फुटलेल्या जागी मुलं किंवा अनवाणी कुणी फिरणार नाही एवढं बघून दार ओढा. फरशी नंतर पुसा. रक्त पाण्यात मिसळलं की दुप्पट दिसतं, ते बघत बसून उपयोग नाही.

टप्पा ६: दवाखान्यात काय सांगायचं

अपघात विभागात नंबर आल्या वेळेवर नाही, तब्येतीवर लागतो. तुमच्यानंतर आलेला माणूस आधी आत गेला तर त्याचं तुमच्यापेक्षा जास्त बिघडलं आहे. थांबताना हात उंच ठेवा. थांबण्याच्या काळात रक्त पुन्हा सुरू झालं, बोट बधिर झालं किंवा चक्कर आली तर उठून सांगा, मूकपणे बसून राहण्याचं बक्षीस मिळत नाही.

आत गेल्यावर गोष्ट पहिल्यापासून रंगवून सांगण्याऐवजी या क्रमानं सांगा: कशानं कापलं, किती वाजता, वस्तू तुटली होती का, कुठे बधिर आहे, कुठली हालचाल होत नाही, कुठला हात जास्त वापरता, कुठली औषधं, कुठली ॲलर्जी, धनुर्वाताची तारीख, शेवटचं कधी खाल्लं. गरोदर असाल तर एक्स-रेच्या आधी तेही.

‘वस्तू तुटली होती का’ याला महत्त्व आहे. काच जवळपास सगळीच एक्स-रेत दिसते, फार बारीक कण सोडले तर. लाकडाची काडी आणि प्लॅस्टिक सहसा दिसत नाही, त्यासाठी सोनोग्राफी करतात. म्हणजे ‘एक्स-रे काढला, काही नाही’ हे काचेला बऱ्यापैकी लागू पडतं, कुसळाला नाही. शक्य असेल तर फुटलेल्या ग्लासचा फोटो काढून न्या, किती तुकडा गायब आहे ते त्यावरून कळतं.

आणि एक आग्रह धरा. भुलीचं इंजेक्शन देण्याआधी बोटांची संवेदना तपासली गेली पाहिजे. एकदा भूल चढली की आधीचा बधिरपणा आणि औषधाचा बधिरपणा वेगळा ओळखता येत नाही. गर्दीच्या वेळी हे राहून जाऊ शकतं. ‘डॉक्टर, हे टोक मघापासून बधिर आहे, एकदा बघता का?’ एवढं म्हणायला संकोच कशाला?

टप्पा ७: भूल, टाके, इंजेक्शन

टाक्यांपेक्षा भुलीची सुई जास्त झोंबते. लिडोकेन आत जाताना दहा-पंधरा सेकंद आग होते, मग काही मिनिटांत टोचणं कळेनासं होतं. ओढल्याचं आणि दाबल्याचं कळत राहतं, ते चुकीचं नाही. टोचल्याचं कळलं तर मात्र लगेच सांगा, आणखी औषध देता येतं. सहन करून हात झटक्यानं ओढला तर टाका बिघडतो. आडवं पडूनच टाके घालून घ्या, ‘मला काही होत नाही’ म्हणणारेच बसल्या जागी घरंगळतात.

कधी टाक्यांऐवजी वैद्यकीय गोंद किंवा कागदी पट्ट्या वापरतात. उथळ, ताण नसलेल्या जखमेला ते ठीक. तळवा आणि सांधे सतत हलतात, ओले होतात, तिथे टाकेच टिकतात. गोंद लावला असेल तर त्यावर मलम चोपडू नका, गोंद सुटतो. आणि घरातला झटपट गोंद हा त्याचा भाऊ असला तरी जखमेसाठी नाही.

धनुर्वात गंजामुळे होतो हा समज पक्का बसलेला आहे. तो मातीत, धुळीत, शेणात असलेल्या जंतूच्या बीजाणूंमुळे होतो, गंज फक्त बऱ्याचदा त्या मातीच्या शेजारी सापडतो. चकचकीत काचही चालते त्याला. लहानपणचे डोस पूर्ण झाले असतील तर हिशोब साधा आहे. स्वच्छ, किरकोळ जखमेला शेवटचा डोस १० वर्षांच्या आत असेल तर नवा नको. खोल किंवा मळलेल्या जखमेला ही मुदत ५ वर्षं. मूळचे तीन डोस झालेच नसतील किंवा माहीत नसेल, आणि जखम मळलेली असेल, तर लशीबरोबर तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शनही देतात. उलट बाजूची चूक म्हणजे प्रत्येक ओरखड्याला इंजेक्शन घेत राहणं. त्यानं फायदा काही नाही, दंड सुजतो. म्हणून तारीख लिहून ठेवायची.

अँटिबायोटिक प्रत्येक कापण्याला लागत नाही. चावा, मळकी किंवा खोल जखम, कमी प्रतिकारशक्ती अशा ठिकाणी देतात. दिलं नाही म्हणून नाराज होऊन औषधाच्या दुकानातून स्वतः घेऊ नका, दिलं असेल तर कोर्स पूर्ण करा.

बाहेर पडण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या: टाके किती आणि विरघळणारे की काढायचे, काढायची तारीख, पट्टी पुन्हा कधी बदलायची, आणि आजच्या इंजेक्शनची तारीख. भूल उतरल्यावर ठणका लागतो आणि त्या रात्री तोंडी ऐकलेलं काहीच आठवत नाही.

टप्पा ८: घरी, पहिले पाच दिवस

पहिले दोन दिवस हात हृदयाच्या वर. झोपताना उशीवर. खाली लोंबकळणारा हात रात्रभर ठणकतो, आणि बऱ्याच जणांची ‘टाके फार दुखतात’ ही तक्रार नुसता हात वर ठेवला की निम्मी होते.

पहिले २४ ते ४८ तास कोरडं ठेवा. नंतर पाण्यानं हलकेच धुवून, टिपून कोरडं करून नवी पट्टी लावता येते, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. भांडी, बादलीतलं पाणी, पोहणं मात्र टाके निघेपर्यंत बंद. प्लॅस्टिकची पिशवी तासन्‌तास बांधून ठेवू नका, आत घामानं कातडी पांढरी आणि मऊ पडते आणि कडा सुटतात.

जखमेच्या कडेला थोडी लाली आणि सूज पहिल्या दोन दिवसांत असतेच. बघायचं ते हे, की दिवसागणिक कमी होतेय की वाढतेय. लालीच्या सीमेवर पेनानं रेघ ओढून ठेवा, दुसऱ्या दिवशी वाद राहत नाही. लाली रेघेबाहेर गेली, पू आला, ठणका वाढत गेला, ताप आला, किंवा जखमेपासून हाताच्या वरच्या बाजूला लाल पट्टा चढताना दिसला, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता परत जा. संपूर्ण बोट सुजून वाकलेल्या स्थितीत राहिलं आणि सरळ करताना जीव जातोय, असं झालं तर रात्री बारालाही निघा, कंडरेच्या आवरणात जंतू शिरल्याची ती खूण आहे.

बरं वाटायला लागल्यावर टाके नसलेली बोटं, कोपर आणि खांदा हलवत राहा. बांधलेलं बोट हलवायचं की नाही हे डॉक्टरांना विचारून. आठवडाभर गळ्यात हात अडकवून बसलेल्यांचं जखमेपेक्षा खांद्याचं दुखणं जास्त दिवस चालतं.

टप्पा ९: टाके काढणं

दिवस जागेवर अवलंबून असतात. चेहऱ्याचे साधारण ५ दिवसांत, डोक्याचे ७ ते १०, हाताचे ७ ते १०, तळव्याचे आणि सांध्यावरचे १० ते १४. लवकर काढले तर जखम उकलते, फार उशीर केला तर टाक्यांचे आडवे वण राहतात आणि दोऱ्यावर कातडी चढते. नखं कापायच्या कात्रीनं घरी काढायचं धाडस नको. गाठ न उचलता मधेच कापलं तर बाहेर राहून मळलेला दोरा आतून ओढला जातो, किंवा तुकडा आतच राहतो.

टाके निघाले म्हणजे जखम जुनी झाली असं समजू नका. तिसऱ्या आठवड्यात तिथल्या कातडीची ताकद मूळच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असते, तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोचते, त्यापुढे फारशी वाढत नाही. जड पिशवी त्या हातात नको, व्रणावर थेट ऊन नको, नाहीतर तो काळपट होतो. व्रण लाल, कडक आणि खाजरा असतो काही महिने, दिवसातून दोनदा साध्या मलमानं चोळत राहिलं की मऊ होत जातो. बधिर राहिलेलं टोक हळूहळू जागं होतं तेव्हा तिथे मुंग्या आणि झिणझिण्या येतात. काहीच आलं नाही, किंवा बोट पूर्वीइतकं वाकत नाही, तर टाके काढायला गेलेल्या दिवशीच दाखवा. आणि डबा भरून ठेवा, या वेळी साध्या झाकणाचा.